परक्या मुखातली मराठी

जालन्याच्या मोंढ्यात सकाळच्या वेळी उभे राहावे आणि केवळ कान उघडे ठेवावेत. भोकरदनकडील शेतकरी आपल्या ठसक्यात सोयाबीनचा भाव विचारीत असतो. ज्याचे पूर्वज मारवाडातून आले तो अडत्या आपल्या वळणाच्या मराठीत त्याला उत्तर देतो. हमालाच्या बोलण्यात दखनीचे सूर मिसळलेले असतात. दूर आंध्रातून मालमोटार घेऊन आलेला चालक तर मोजकेच मराठी शब्द जाणतो आणि तेही आपल्याच हेलात उच्चारतो. कोणाच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो, तर कोणी पोत्याला स्त्रीलिंगी करून टाकतो. तरीही भाव ठरतो, माप होते, पैसे हाती येतात. कोणाचे काही अडत नाही.

कानावर परके उच्चार पडतात आणि मनात मात्र ओळखीचाच अर्थ उमटतो, हे घडते तरी कसे? हा प्रश्न मनात आला की सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून या देशात आलेल्या एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र आठवते. आपली भाषा त्यांनी प्रौढ वयात शिकून घेतली आणि पुढे तिच्यातच सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. त्यांचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते फादर स्टीफन्स या नावाने प्रसिद्ध आहेत.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडच्या राजसत्तेने रोमच्या पोपशी असलेले नाते तोडले होते आणि जुना कॅथलिक पंथ पाळणाऱ्यांना तेथे मोठा त्रास सोसावा लागे. स्टीफन्स व त्यांचे मित्र थॉमस पाउंड या दोघांनी देश सोडून रोमला जाण्याचे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड यांना कैद झाली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली जेझुइट या धर्मसंघात दाखल झाले. पूर्वेकडील देशांत जाऊन आपल्या धर्माचा प्रसार करावा, अशी त्यांची इच्छा होती.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा एक काफिला पोर्तुगालच्या लिस्बन बंदरातून निघाला. स्टीफन्स त्यांपैकी एका जहाजावर होते. आफ्रिका खंडाला वळसा घालून जाणारा तो मार्ग अतिशय खडतर होता. महिनोन् महिने ताजे अन्न मिळत नसल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, पाय फुगत आणि कित्येकांचा वाटेतच अंत होई. साडेसहा महिन्यांच्या प्रवासानंतर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी आपल्या वडिलांना या प्रवासाची हकीकत सविस्तर लिहून पाठविली. भारतात दीर्घकाळ वास्तव्य करणारे पहिले इंग्रज म्हणून त्यांचा निर्देश केला जातो.

गोव्यातील साष्टी महाल ही त्यांची कर्मभूमी ठरली. मधला थोडा काळ वगळता पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी तेथेच काढली. साष्टीतील लोक घरी कोंकणी बोलत. पुराणे व काव्ये मात्र मराठीत ऐकत. तेव्हा तीस वर्षांच्या या परदेशी माणसाला एक नव्हे, तर दोन भाषांची वाट चालायची होती.

ही वाट किती अवघड होती, याचा अनुभव तुम्ही बसल्या जागी घेऊ शकाल. ‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘त’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांना लागते. ‘ट’ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूकडे जाते. इंग्रज मनुष्य आपले अक्षर उच्चारताना जीभ या दोहोंच्या मध्ये, दातांमागच्या हिरडीला लावतो. त्याच्या भाषेत ‘त’ नाही आणि आपला ‘ट’ही नाही. त्यामुळे हे दोन्ही वर्ण त्याच्या कानाला बहुधा एकच वाटतात. ‘मन’ आणि ‘मण’, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेदही त्याला असाच हुलकावणी देतो. आपल्या दृष्टीने मात्र या एका वर्णावर सारा अर्थ अवलंबून असतो.

याचे कारण कानात नसून मेंदूत आहे. १९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज या शास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील ‘त’ व ‘ट’ हे ध्वनी ऐकविले. ध्वनी बदलताच बाळाने मान वळवावी आणि त्याला हलणारे खेळणे दिसावे, अशी योजना होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा भेद सहज कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो ओळखता आला. याचा अर्थ असा की, जन्मतः मूल जगातील कोणतीही भाषा ऐकण्यास सिद्ध असते. परंतु पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याचा मेंदू घरच्या भाषेला लागणारे भेद जपतो आणि न लागणाऱ्या भेदांकडे दुर्लक्ष करू लागतो. हे दार पुढे कायमचे बंद होते असे नाही. पण ते उघडण्यास मोठे परिश्रम पडतात.

ते परिश्रम स्टीफन्स यांनी केले. त्याचा पुरावा त्यांच्या लेखनातच मिळतो. त्या काळी गोव्यातील छापखान्यात देवनागरी अक्षरांचे खिळे नव्हते. आपले शब्द रोमन लिपीत लिहिणे भाग होते. रोमन लिपीत ‘न’ला अक्षर आहे, ‘ण’ला नाही, ‘ल’ला आहे, ‘ळ’ला नाही. यावर त्यांच्या ग्रंथांत साधी युक्ती योजलेली दिसते. ‘न’चे अक्षर एकदा लिहिले की ‘न’ वाचावा, दोनदा लिहिले की ‘ण’ वाचावा. ‘ट’, ‘ड’ व ‘ळ’ यांसाठीही अशीच जोडाक्षरे वापरलेली आहेत. जो भेद कानाला कळलेला नाही, तो कोणालाही कागदावर मांडता येत नाही. ही दुहेरी अक्षरे म्हणजे एका इंग्रज कानाने मिळविलेल्या विजयाच्या खुणाच होत.

उच्चारांपाठोपाठ त्यांचे लक्ष भाषेच्या रचनेकडे वळले. १५८३ साली आपला भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांचा गौरवाने उल्लेख केला. येथील उच्चार कानाला कटू वाटत नाहीत आणि या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांच्या घडणीशी जुळते, असे त्यांनी कळविले. या नात्याची जगभर चर्चा सुरू झाली ती १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी भाषण केल्यानंतर. स्टीफन्स यांना ती खूण त्यापूर्वी दोनशे वर्षे पटली होती. पुढे त्यांनी कोंकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले, ते आपल्यामागून येणाऱ्या परदेशी पाद्र्यांना लोकांची भाषा नीट शिकता यावी म्हणून.

येथवर आपण बोलणाऱ्याचे श्रम पाहिले. पण भाषा एका हाताने वाजणारी टाळी नव्हे. ऐकणाऱ्याच्या मेंदूलाही तितकेच काम करावे लागते. त्याचे स्वरूप आता शास्त्रज्ञांना बरेच उमगले आहे.

कोणी बोलू लागले की आपला मेंदू नुसता शब्द झेलीत बसत नाही. तो पुढच्या शब्दाचा अंदाज बांधीत असतो. ‘आईने ताटात भात वाढला आणि त्यावर चप्पल ओतली’ असे वाक्य कानी पडले, तर आपण चमकतो. ‘वरण’ या शब्दाची वाट पाहणाऱ्या मेंदूला ‘चप्पल’ हा शब्द बसविता येत नाही. असा विसंगत शब्द आल्यावर सुमारे ०.४ सेकंदात मेंदूत विजेची एक विशिष्ट लहर उमटते. मार्ता कुटास व स्टीव्हन हिल्यार्ड या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८० साली डोक्याला तारा जोडून ही लहर मोजली. अर्थाशी झुंजणाऱ्या मेंदूची ती जणू नाडीच होय.

मग बोलणारा परका असला म्हणजे काय होते? २०१२ साली नेदरलंडमधील एका संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डच भाषेत आपल्याप्रमाणेच नामांना लिंग असते. स्वदेशी माणसाने लिंगाची चूक केली की ऐकणाऱ्याच्या मेंदूत दुरुस्तीची लहर उमटे. तीच चूक परदेशी हेल असलेल्या माणसाने केली, तर ती लहर उमटतच नसे. परंतु अर्थाशी विसंगत शब्द मात्र दोघांपैकी कोणीही उच्चारला तरी मेंदू तो तत्काळ टिपून घेई. म्हणजेच परक्या उच्चाराची ओळख पटताच मेंदू व्याकरणाच्या चुकांकडे काणाडोळा करतो. अर्थाचा पाठलाग मात्र सोडीत नाही. आपल्या मोंढ्यातील शेतकरी पोत्याचे लिंग विसरून पोत्याचा भाव ऐकतो, तो असा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परका उच्चार प्रथम कानी पडला की समजण्यास किंचित उशीर लागतो. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे आढळले की, अवघ्या मिनिटभराच्या श्रवणाने हा उशीर कमी होतो. या बोलणाऱ्याचा अमुक ध्वनी म्हणजे आपला तमुक ध्वनी, असा हिशेब मेंदू मुकाट्याने मांडतो. ऐकणाऱ्याने कान दिला पाहिजे, एवढीच अट.

साष्टीतील लोकांनी स्टीफन्स यांना कान द्यावा, अशी परिस्थिती मात्र सोपी नव्हती. तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते. स्टीफन्स येण्यापूर्वी बाराच वर्षे, १५६७ साली, साष्टीतील शेकडो देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. लोकांचे जुने ग्रंथ वाचण्यास बंदी होती. पुष्कळांनी नवा धर्म स्वीकारला होता. पण ज्या पुराणांच्या वाचनाने त्यांच्या संध्याकाळी भरून जात, ती पुराणे आता त्यांना ऐकता येत नव्हती. पूर्वीच्या पुराणांसारखे काही आम्हाला आमच्या भाषेत का देत नाही, असा प्रश्न या नवख्रिस्ती लोकांनीच केला. तो प्रश्न आणि त्यातील दुःख स्टीफन्स यांना समजले. ते त्या सत्तेच्या छायेतच आले होते व आपल्या धर्माचा प्रसार हाच त्यांचा हेतू होता. परंतु माणसाच्या मनात शिरावयाचे तर त्याच्याच भाषेच्या दारातून गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांनी येशू ख्रिस्ताची कथा पुराणाच्या रूपाने मराठीत सांगण्यास घेतली. छंद निवडला तो ओवीचा. शेजारच्या पैठणास संत एकनाथांनी ज्या छंदात आपली रचना केली, तोच हा छंद. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण बहुधा आखूड असतो. ही चाल श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. कथा नवी, देश दूरचा, नावे अनोळखी. पण चाल घरची असल्याने पुढे काय येणार याचा अंदाज बांधणे ऐकणाऱ्यास सोपे झाले.

शब्दांची निवडही त्यांनी याच बेताने केली. स्वर्गासाठी परका शब्द न आणता त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला, कारण तो ऐकताच श्रोत्याच्या मनात अर्थाचा दिवा आपोआप लागे. जुन्या कवींची कठीण मराठी सर्वांना समजणार नाही, हे जाणून त्यांनी तिच्यात साष्टीकरांच्या नित्य बोलण्यातील सोपे कोंकणी शब्द मिसळले. पांडित्य मिरविण्यापेक्षा ऐकणाऱ्याला कळणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. देवनागरीत प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी जोडून शेकडो खिळे पाडावे लागतात. असे खिळे पाडून या देशाच्या लिपीत पुस्तक छापण्याची परवानगी त्यांनी १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखांकडे पत्र लिहून मागितली. आपल्या जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला, तेच हे वर्ष. देवनागरी छपाईचा तो बेत सिद्धीस गेला नाही. अखेर १६१६ साली गोव्यातील राचोल येथे त्यांचा ग्रंथ रोमन अक्षरांत छापून निघाला. तोच ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी मराठीची स्तुती गायिली आहे. रत्ने, फुले व सुगंधी द्रव्ये यांच्यातील श्रेष्ठ वस्तूंची उपमा त्यांनी तिला दिली आहे. जिचे वर्ण ओळखण्यास आपल्या कानाला एके काळी शिकवावे लागले, तिच्यावर त्यांचे असे प्रेम जडले होते.

१६१९ साली गोव्यातच स्टीफन्स यांचा देहान्त झाला. त्यांनी कोंकणीत लिहिलेले ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक १६२२ साली, तर कोंकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. आधुनिक भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून विद्वान त्याकडे पाहतात.

त्यांच्यामागून काळ पालटला. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. एका परक्याने लोकांची भाषा शिकण्यासाठी चाळीस वर्षे वेचली. दुसऱ्या परक्याने लोकांनाच त्यांची भाषा विसरण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली! इतिहासाने या दोन मार्गांचा निकाल दिला आहे. हुकूम कागदावर राहिला. कोंकणी जगली, १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले.

‘ख्रिस्तपुराण’ही जगले. १६१६ नंतर १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या; पण त्यांची एकही छापील प्रत आज आढळत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने नकलून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्या प्रतींच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून तो पुन्हा छापला. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखितही आढळले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्या लिपीत आपला ग्रंथ छापला जावा अशी स्टीफन्स यांना आस होती, त्या लिपीत तो अखेर मराठी वाचकांच्या हाती आला.

मुलांनो, स्टीफन्स यांचे चरित्र केवळ एका ग्रंथकाराचे चरित्र नाही. अर्थ हा एकाच्या तोंडून निघून दुसऱ्याच्या कानात पडणारा दगड नव्हे. तो दोघांनी मिळून बांधलेला पूल आहे, हे त्यातून कळते. बोलणाऱ्याने आपली जीभ वळवावी, शब्द निवडावे. ऐकणाऱ्याने आपला कान उघडा ठेवावा. उद्या तुमच्या वर्गात दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या प्रांतातून एखादे मूल येईल. त्याचा ‘ळ’ नीट उमटणार नाही, लिंग चुकेल, हेल निराळा वाटेल. तेव्हा हसू येऊ लागले, तर क्षणभर थांबा आणि आपल्या कानाला एक मिनिट द्या. तेवढ्यात तुमचा मेंदू आपले काम करील आणि ते मूल काय म्हणते ते तुम्हाला ऐकू येईल.

स्वाध्याय

१. मोंढ्यात निरनिराळ्या वळणांची मराठी बोलली जात असूनही व्यवहार का अडत नाही?
२. इंग्रज माणसाला ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ओळखणे कठीण का जाते?
३. रोमन लिपीत नसलेल्या वर्णांसाठी स्टीफन्स यांच्या ग्रंथांत कोणती युक्ती योजलेली आहे?
४. आपले पुराण श्रोत्यांना समजावे म्हणून स्टीफन्स यांनी काय काय केले?
५. ‘काल–काळ’, ‘मन–मण’ यांसारख्या आणखी पाच जोड्या शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावात निराळ्या वळणाची मराठी बोलणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिचे कोणते उच्चार तुमच्याहून वेगळे आहेत, ते आदरपूर्वक टिपून वर्गात सांगा.